भीमेच्या काठावरून भूशास्त्राकडे : पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडण्याचा आढावा

भूशास्त्रात बी.एस्सी. होऊन थांबणाऱ्याला त्या विषयातली फार थोडी दारे उघडी असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक नेमले जातात. ही परीक्षा देण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, निदान तिचे शेवटचे वर्ष चालू असावे लागते. महाविद्यालयात शिकवायचे असो, तेल किंवा कोळसा शोधणाऱ्या कंपनीत जायचे असो की राज्याच्या भूजल यंत्रणेत, बहुतेक वाटा एम.एस्सी.तूनच जातात. म्हणून एम.एस्सी. कुठे करायची हा प्रश्न या विषयात इतर अनेक विषयांपेक्षा जड आहे. त्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने कोणते खडक प्रत्यक्ष पाहिले, कोणत्या उपकरणावर हात बसवला आणि कोणाच्या हाताखाली प्रबंध लिहिला, यावर पुढची बरीच वर्षे ठरतात.

निवडीची पहिली अडचण मात्र एम.एस्सी.च्या तीन-चार वर्षे आधी येते. शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावातून बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी साधारणपणे तालुक्याच्या किंवा जवळच्या गावच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला जातो. तिथे रसायन, भौतिक, गणित, वनस्पती, प्राणी हे विषय असतात, भूशास्त्र क्वचितच असते. त्यासाठी पुण्यात फर्ग्युसन किंवा नौरोसजी वाडिया अशा महाविद्यालयांकडे यावे लागते. एम.एस्सी. भूशास्त्राच्या बहुतेक प्रवेशांना पदवीला भूशास्त्र शिकलेले असणे ही पहिली अट असते, आणि अनेक ठिकाणी ते किती सत्रे शिकलेले असावे हेही ठरवून दिलेले असते. भूगोलाचे पदवीधर इथे हमखास फसतात. भूगोलाच्या अभ्यासक्रमात भूरूपशास्त्र असते, नद्या आणि खडक असतात, म्हणून तो विषय चालेल असा त्यांचा समज असतो. प्रवेशाच्या वेळी मात्र भूगोल आणि भूशास्त्र हे वेगळे विषय मानले जातात. ही माहिती बारावीतच मिळायला हवी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मिळाली तर तिचा उपयोग उरत नाही.

भूशास्त्राशिवाय पदवी झालेल्यालाही वाटा आहेत, त्या आडवळणाच्या इतकेच. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असेल तर भूभौतिकीचे दार उघडते. भूकंप, भूगर्भातील विद्युत-रोध, चुंबकीय सर्वेक्षण या कामांना तीच पार्श्वभूमी लागते. भूमाहितीशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि वातावरणशास्त्र यांचे पदव्युत्तर वर्ग अनेक विषयांच्या पदवीधरांना घेतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकताना नदीचा गाळ, जुनी पात्रे आणि प्राचीन हवामान यांच्याशी रोजचा संबंध येतो. यांतल्या कोणत्याही वाटेने गेलेल्याने एवढे मात्र आधी पाहावे की हाती येणारी पदवी कोणत्या नोकरीला चालते. लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेत मान्य पदव्यांची नावे दिलेली असतात, आणि जलभूवैज्ञानिक पदासाठीची यादी भूवैज्ञानिक पदाच्या यादीपेक्षा बरीच आखूड असते. अलीकडे आकर्षक नावांचे अनेक अभ्यासक्रम निघाले आहेत. पदवीपत्रावर नेमके काय छापले जाणार हे विचारण्यात कोणताही संकोच नसावा. दोन वर्षे मन लावून शिकल्यावर केवळ नावामुळे अर्ज बाद होणे यासारखे दुःख नाही, आणि ते पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

पात्रतेचा प्रश्न सुटला की खरा प्रश्न येतो : कोणते भूशास्त्र शिकायचे? महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेल्या लाव्ह्याचे हे थर आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. डायनोसॉर नष्ट होण्याचा काळ आणि या उद्रेकांचा काळ जवळजवळ एकच असल्यामुळे जगभरचे संशोधक सह्याद्रीत येतात. भीमा जिथे उगम पावते त्या भीमाशंकरचे नाव लाव्ह्याच्या एका शैलसमूहाला दिलेले आहे. खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावेही शैलसमूहांच्या यादीत त्याच तोलाने येतात. रासायनिक घटकांवरून केलेली ही मांडणी उभी करण्यात मुंबईच्या आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे परदेशी सहकारी यांचा मोठा वाटा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मात्र लाव्ह्याच्या प्रवाहांचे प्रत्यक्ष दिसणारे रूप धरून वेगळी नावे आणि वेगळे नकाशे केले. आजही दख्खनवर काम करणाऱ्याला दोन्ही मांडण्या समजून घ्याव्या लागतात. कोणता विभाग प्रयोगशाळेतल्या विश्लेषणावर भर देतो आणि कोणता पायी फिरून नकाशा करण्यावर, हे पाहिले तर त्या विभागाचा स्वभाव कळतो.

बेसॉल्टच्या प्रदेशात वाढलेल्या विद्यार्थ्याचा तोटाही याच बेसॉल्टमुळे होतो. पुणे जिल्ह्यात कितीही फिरले तरी घडी पडलेले थर, कोळसा, चुनखडकाचे मोठे साठे, ग्रॅनाइट, नाइस, मॅंगनीज हे काही दिसत नाही. कोयनेजवळच्या खोल विंधन छिद्रांत साधारण एक किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट आणि नाइसचा प्राचीन पाया लागला. तो पाया डोळ्यांनी पाहायचा तर राज्याच्या कडेला, विदर्भात, सिंधुदुर्गात किंवा गोव्यात जावे लागते. पूर्ण भूवैज्ञानिक होण्यासाठी अग्निजन्य, रूपांतरित आणि गाळाचे असे तिन्ही प्रकारचे खडक हातात घेऊन, त्यांचे नकाशे स्वतः काढून शिकणे गरजेचे असते. म्हणून ज्याने पदवी पुण्यात केली त्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी निदान एकदा बेसॉल्टबाहेर जावे, किंवा जो विभाग विद्यार्थ्यांना लांबच्या क्षेत्रभेटींना दरवर्षी नेतो तो निवडावा. क्रमवारीच्या कोणत्याही तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही, आणि या विषयात तिच्याएवढी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही.

बेसॉल्टनंतरची दुसरी शाखा नदीच्या गाळाची. वडगाव रासाईच्या शिवारात बेसॉल्ट फारसा वर दिसत नाही. गाव भीमेच्या डाव्या तीरावर आहे आणि नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. याच टापूत, रांजणगाव सांडसजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. वर उसाची काळी जमीन, खाली गाळ, गाळात चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम आणि मग कातळ असा क्रम विहीर खोदणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. हा गाळ म्हणजे नदीच्या जुन्या आठवणी आहेत, आणि त्यांचा अभ्यास करणारी चतुर्थक भूशास्त्राची परंपरा पुण्यात खोल रुजलेली आहे. शिरूर तालुक्यातच घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन करून तिथली ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. शरद राजगुरू यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञाने पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीने महाराष्ट्रातल्या नद्यांचे गाळ वाचले. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात विश्वास काळे यांनी नद्या आणि प्राचीन महापूर यांवर आयुष्यभर काम केले.

याच खोऱ्यात घडलेला एक वाद पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या जोडीला अश्मयुगीन हत्यारेही मिळाली. कुकडी घोडनदीला मिळते, घोडनदी भीमेला. राखेचे वय पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने सुरुवातीला जवळपास १४ लाख वर्षे निघाले. पुढच्या एका मापनात ते सुमारे ६.७ लाख वर्षांवर आले. दुसऱ्या गटाने राखेतल्या काचकणांचे रासायनिक विश्लेषण करून ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे मांडले. थर एकच, हाताने स्पर्श करता येईल असा, आणि वयांत इतकी तफावत. तिचे कारण उपकरणात, नमुना निवडण्यात आणि नदीने जुने कण पुन्हा वाहून आणण्यात शोधावे लागले. ज्याला असल्या प्रश्नावर काम करायचे त्याने क्षेत्र गावाजवळचे घेतले तरी प्रयोगशाळा दूरची धरावी लागते. वयोमापनासाठी अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा किंवा लखनौची बिरबल साहनी संस्था यांच्याशी ज्या विभागाचे जाणे-येणे आहे, तिथे असा प्रबंध पुरा होऊ शकतो. जिथे ते नाही तिथे विद्यार्थी चांगले वर्णन लिहितो आणि वयाच्या प्रश्नापाशी थांबतो.

तिसरी शाखा भूजलाची, आणि गावातून आलेल्या मुलामुलींना तिची गरज सांगावी लागत नाही. चासकमानच्या कालव्याने आणि नदीवरच्या बंधाऱ्यांनी शिरूरच्या काही भागात ऊस आला, त्याच तालुक्यात दुसरीकडे उन्हाळ्यात टँकर लागतात. विहिरीची जागा अजूनही अनेकदा पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो. बेसॉल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे नसते. भेगा, सच्छिद्र थर, दोन प्रवाहांमधला तांबड्या मातीचा पट्टा, झिजलेला मुरूम यांवर ते अवलंबून असते, आणि शंभर पावलांवरच्या दोन बोअरपैकी एक भरते, एक कोरडा जातो. नदीकाठच्या गाळात प्रश्न वेगळा. तिथे पाणी मिळते, पण अति सिंचनाने जमीन चोपण होते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यातून चालते आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ॲक्वाडॅम ही पुण्यातलीच संस्था गावपातळीवर भूजल व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्याने एम.एस्सी.चा विभाग निवडताना पंपिंग टेस्ट प्रत्यक्ष केली जाते का, विद्युत-रोध मापक चालू स्थितीत आहे का आणि प्रबंध शासकीय यंत्रणेच्या आकडेवारीवर करता येतो का, हे तीन प्रश्न विचारावेत.

आता विभागांकडे पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग घराजवळचा. दख्खनचा बेसॉल्ट, भूजल आणि पर्यावरणीय भूशास्त्र या विषयांत तिथे काम होते, आणि एकाच शहरात डेक्कन कॉलेज, आघारकर संशोधन संस्था, उष्णदेशीय हवामान संस्था आणि पृथ्वी व हवामान विज्ञानाचा विभाग असलेली आयसर असल्यामुळे प्रबंधासाठी हात पसरायला जागा आहे. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. साधने भरपूर, वर्गातली मुले देशभरातून आलेली, आणि मोठ्या कंपन्या भरतीसाठी तिथे येतात. भीमेच्याच खालच्या अंगाला असलेल्या सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात उपयोजित भूशास्त्र शिकवले जाते, तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाचे संकुल आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्याच्या जमिनीखाली काय आहे, हा तिथला जिवंत प्रश्न आहे.

नागपूरचा विचार पश्चिम महाराष्ट्रातले विद्यार्थी फार कमी करतात, आणि ते त्यांचे नुकसान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर भूशास्त्र विभागापासून एका दिवसाच्या प्रवासात गोंडवनाचा कोळसा, सौसर गटातले मॅंगनीज, अतिप्राचीन नाइस आणि चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याचे डायनोसॉरचे जीवाश्म असे सगळे येते. शहरातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, मॉइल, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि खनिज अन्वेषणाची केंद्रीय कंपनी आहे. खनिज क्षेत्रात काम करू पाहणाऱ्याला इतक्या संस्था पायी अंतरावर अन्यत्र क्वचितच मिळतील. उन्हाळ्यातली प्रशिक्षणे, अतिथी व्याख्याने, ग्रंथालये आणि ओळखी यांत त्याचा फायदा दिसतो.

गोव्याचे आकर्षण वेगळे. गोवा विद्यापीठात उपयोजित भूशास्त्राबरोबर सागरविज्ञानाचा शेजार आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे आणि वास्कोत ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र. धारवाडी काळातले लोहखनिज, जांभा आणि समुद्रकिनारा अशा तिन्ही गोष्टी तिथे तासाभराच्या अंतरात अभ्यासता येतात. मराठी विद्यार्थ्याला भाषेचा परकेपणा जाणवत नाही.

महाराष्ट्र आणि गोवा यांबाहेरचे पर्याय मुख्यतः आयआयटींचे. १९२६ मध्ये खाणशाळा म्हणून सुरू झालेले धनबाद खनिज आणि कोळशासाठी, रुडकी हिमालयासाठी, खरगपूर सिंहभूमच्या प्राचीन कवचासाठी नावाजलेले आहे. बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली, जादवपूर आणि प्रेसिडेन्सी यांची परंपराही जुनी. घडीचे पर्वत आणि मोठे भ्रंश ज्याला शिकायचे त्याने हिमालयाच्या पायथ्याशी दोन वर्षे काढणे उत्तम.

प्रवेशाची यंत्रणा तीन रांगांची आहे. आयआयटींसाठी जॅम परीक्षा असते. तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. भूशास्त्राच्या पेपरात १०० गुणांचे ६० प्रश्न, तीन तास. त्यांत ३० प्रश्न चारपैकी एक पर्याय निवडायचे, १० प्रश्न एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे आणि २० प्रश्न थेट संख्या लिहायचे. चुकीच्या उत्तराचे गुण फक्त पहिल्या प्रकारात कापले जातात. संख्या लिहायच्या प्रश्नांत मराठी मुलांचे गुण जातात, कारण पदवीच्या परीक्षेत वर्णन लिहायची सवय झालेली असते आणि थराची जाडी, नती, घनता, खनिजाचे रासायनिक सूत्र यांची गणिते फार केलेली नसतात. ही तयारी दुसऱ्या वर्षापासून सुरू करावी. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. राज्य विद्यापीठे बहुधा स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात किंवा पदवीच्या गुणांवर यादी लावतात, आणि त्यांच्या तारखा निकालांवर हलतात. तिन्ही रांगांत एकाच वर्षी उभे राहणे शहाणपणाचे. अर्ज शुल्क जाते, पण एका परीक्षेतल्या एका वाईट दिवसावर वर्ष जात नाही. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हे केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यात लागतात, आणि त्यांतले नॉन-क्रीमी लेयर व आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले चालू आर्थिक वर्षाचे लागतात. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याची धावपळ होते, तेव्हा तहसील कार्यालयात दोन्ही नमुने आधीच काढून ठेवावेत.

अर्ज करण्यापूर्वी विभाग पाहून यावा. संकेतस्थळावर सगळेच विभाग सुसज्ज दिसतात. प्रत्यक्ष गेल्यावर कळते की ध्रुवण सूक्ष्मदर्शक किती आहेत आणि एकावर किती विद्यार्थी बसतात, खडकाचा पातळ छेद विद्यार्थी स्वतः घासून करतो की तयार पेटीतून घेतो, एक्स-रे विवर्तन यंत्र चालू आहे की दुरुस्तीला आहे. सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलले तर माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक समजते. गेल्या वर्षी क्षेत्रभेट किती दिवसांची होती, नकाशा प्रत्येकाने वेगळा केला की गटाने, प्रबंधाचा विषय कोणी ठरवला, मंजूर जागांपैकी किती प्राध्यापक प्रत्यक्ष आहेत, हे विचारावे. शेवटचा प्रश्न राज्य विद्यापीठांत कळीचा आहे. अनेक ठिकाणी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक विभाग चालवतात. त्यांतले कित्येक जण उत्तम शिकवतात. पण प्रबंधाचा मार्गदर्शक म्हणून तीन वर्षांनंतर शिफारसपत्र द्यायला कोण असेल, हेही पाहावे लागते. मुलींनी क्षेत्रभेटीतल्या मुक्कामाची सोय आणि सोबत महिला शिक्षक असते का, हे थेट विचारावे. चांगला विभाग या प्रश्नाचे उत्तर चटकन देतो.

पैशांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो, कारण या विषयात शुल्काइतकाच खर्च क्षेत्रकामावर होतो. प्रवास, मुक्काम, चांगले बूट, हातोडी, भिंग आणि ब्रंटन कंपास यांचा खर्च विभाग उचलतो की विद्यार्थी, हे ठिकाणागणिक बदलते. राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या आणि शुल्कमाफीच्या योजना आहेत. राज्याबाहेर प्रवेश घेतला तर त्यांतल्या कोणत्या चालतात हे प्रवेशापूर्वी तपासावे. वसतिगृह मिळाले नाही तर पुण्यामुंबईत खोलीचे भाडे शुल्काला मागे टाकते. म्हणून वसतिगृहासह नागपूर किंवा सोलापूर पुष्कळदा स्वस्त पडते.

चार वर्षांच्या पदवीमुळे हे चित्र सध्या हलते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संशोधनासह ऑनर्स पदवी घेतलेल्याला एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि ७५ टक्के गुण असतील तर थेट नेट आणि पीएच.डी.चा मार्गही खुला झाला आहे. भूशास्त्रात मात्र ही घाई तोट्याची ठरू शकते. एका वर्षात एकच हिवाळा येतो, आणि क्षेत्रकाम मुख्यतः हिवाळ्यातच होते.

संशोधनाकडे वळणाऱ्यासाठी दोन परीक्षा महत्त्वाच्या. गेटमध्ये भूशास्त्र आणि भूभौतिकीचा पेपर आहे. त्याचे गुण तीन वर्षे चालतात, एम.टेक. व पीएच.डी.च्या प्रवेशाला आणि काही सार्वजनिक कंपन्यांच्या भरतीलाही. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्रित विषय आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली की २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये मिळतात आणि मार्गदर्शक निवडण्याचे स्वातंत्र्य येते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य संस्था आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी कराडजवळ केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा उभी आहे आणि त्या भागात ३ किलोमीटर खोल विंधन छिद्र घेतले गेले. भूकंपाच्या मुळाशी जाऊन काम करायची ज्याची इच्छा आहे त्याला हे काम घरापासून तीन-चार तासांच्या अंतरावर आहे. पीएच.डी.त विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक मोठा. त्याचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचावेत, त्यांत विद्यार्थ्यांची नावे आहेत का पाहावे, आणि त्याच्याकडून पदवी घेतलेले विद्यार्थी आज कुठे आहेत हे शोधावे.

परदेशी जाण्याची वाट मार्गदर्शकाला लिहिलेल्या पत्रापासून सुरू होते. अमेरिकेत भूशास्त्राचे प्राध्यापक आपल्या प्रकल्पातल्या पैशावर विद्यार्थी घेतात. विभागाने प्रवेश दिला तरी कोणीतरी प्राध्यापक त्या विद्यार्थ्याला घ्यायला तयार असावा लागतो. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, प्राध्यापकाचे दोन-तीन निबंध नीट वाचून, आपण काय केले आहे आणि काय करू इच्छितो हे दोन परिच्छेदांत लिहावे. सगळ्यांना तेच पत्र पाठवले की ते पहिल्या ओळीत ओळखू येते. अर्जाच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. जीआरई परीक्षा गेल्या काही वर्षांत अनेक भूशास्त्र विभागांनी काढून टाकली आहे, तेव्हा ती देण्यापूर्वी प्रत्येक विभागाची अट पाहावी. उद्देशपत्रात लहानपणापासून दगडांची आवड असल्याचे सांगण्यात जागा घालवू नये. आपला एखादा नकाशा, एखादे मोजमाप, त्यात आलेला प्रश्न आणि तो सोडवायला काय कमी पडले, हे लिहिणारा अर्ज वाचला जातो. नदीकाठच्या दरडीचा छेद विद्यार्थ्याने स्वतः मोजून काढला असेल तर त्याचे वर्णन या कामी फार उपयोगाचे.

तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना पुरेशी वाटत नाही. इथली एम.एस्सी. करून पीएच.डी.ला जाणे तिथे मळलेली वाट आहे. मदतनिधीशिवाय अमेरिकेत एम.एस. करणे शेतकरी कुटुंबाला झेपणारे नाही, आणि जमीन गहाण टाकून ते करण्याची गरजही नाही. कारण पीएच.डी.त शुल्कमाफी आणि निर्वाहभत्ता बहुधा मिळतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, पण भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र काढावे लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या जाहिराती आणि विद्यापीठांच्या मुदती जुळतातच असे नाही, त्यामुळे कागदपत्रे वर्षभर आधी तयार ठेवावी लागतात.

शेवटी एकाहून अधिक ठिकाणी नाव लागले की निवड करावी लागते. अमेरिकेत अर्थसाहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देण्याचा करार बहुतेक विद्यापीठे पाळतात. कोणी त्याआधी दबाव आणला तरी घाबरू नये. भारतात मात्र फेऱ्यांचे वेळापत्रक संस्थागणिक वेगळे असते, आणि एका जागेचे शुल्क भरून दुसऱ्या यादीची वाट पाहावी लागते. अशा वेळी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि मूळ प्रमाणपत्रे किती दिवसांत मिळतात हे लेखी घ्यावे. एका बाजूला नामांकित आयआयटी आणि दुसऱ्या बाजूला घराजवळचे विद्यापीठ असेल तर सामान्यपणे आयआयटी घ्यावी, कारण साधने आणि सहाध्यायी दोन्ही तिथे अधिक मिळतात. पण ज्याला भूजलात राज्याच्या यंत्रणेत काम करायचे आहे, किंवा खनिकर्म विभागात जायचे आहे, त्याने नागपूर, पुणे किंवा सोलापूर निवडण्यात कमीपणा मानू नये. तिथला प्रबंध ज्या तालुक्यात होतो, पुढची नोकरीही बहुधा तशाच तालुक्यात असते, आणि तिथल्या विहिरींवर उन्हाळ्यात केलेली मोजणी मुलाखतीत उपयोगी पडते. शुल्क भरण्यापूर्वी निवडलेल्या विभागातल्या दोन शिक्षकांशी फोनवर बोलून प्रबंधाचा संभाव्य विषय विचारून घ्यावा, म्हणजे पहिल्याच हिवाळ्यात क्षेत्रकाम सुरू करता येते.